चौदाव्या वर्षी खाल्लेली तंबाखू आणि पन्नाशीत खाल्लेली तंबाखू: मेंदूच्या दृष्टीने खरोखर फरक आहे का?

तापीकाठचा शिक्षक, यावल तालुका

सर्वांना नमस्कार. मी यावल तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. नुकतेच आमच्या नववीच्या वर्गातील काही मुलांच्या दप्तरात तंबाखूच्या पुड्या आणि चुना सापडला. त्यांपैकी एका मुलाला मी खिडकीजवळ नेऊन खालचा ओठ उलटून पाहिला. तो जेथे चिमूट दाबून ठेवतो, तेवढ्याच जागी आतली त्वचा पांढुरकी आणि सुरकुतलेली झाली होती. मुलगा हुशार आहे, शेतातही राबतो. मात्र तिसऱ्या तासाच्या सुमारास त्याची चुळबुळ सुरू होते आणि तो काही ना काही निमित्त काढून वर्गाबाहेर जातो, हे मी बरेच दिवस पाहत होतो. त्यामागचे कारण आता कळले.

पालकांना निरोप पाठवला, तेव्हा त्याचे आजोबा आले. त्यांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, "सर, मी याच्याहून लहान होतो तेव्हापासून खातो आहे. सत्तरी उलटली, तरी अजून बागेत केळीचा घड खांद्यावर घेऊन चालतो. मला काय झाले?" मी तोंडाच्या कर्करोगाबद्दल बोललो, तर ते म्हणाले की तो न खाणाऱ्यालाही होतो. मुलाचा मेंदू अजून घडतो आहे, असे मी सांगितले. त्यावर त्यांनी विचारले की कसा घडतो, आणि तंबाखूचा त्याच्याशी काय संबंध. पाठ्यपुस्तकातल्या दोन वाक्यांपलीकडे मला काही सांगता आले नाही.

माझा प्रश्न असा आहे की किशोरवयीन मेंदू व्यसनाच्या पदार्थांना प्रौढांपेक्षा खरोखर वेगळा प्रतिसाद देतो का, की मुलांनी घाबरावे म्हणून आपण तसे म्हणत आलो आहोत? भीती घालण्यापुरते सांगितलेले मुलांना लगेच ओळखू येते आणि त्यानंतर ती आपले कशावरच विश्वास ठेवत नाहीत. आजोबांच्या वयाचा मान राखून त्यांनाही पटेल असे उत्तर मला हवे आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

मनोविकारतज्ज्ञ, धुळे

सर, आपला प्रश्न आणि आजोबांचा प्रतिप्रश्न दोन्ही प्रामाणिक आहेत. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मूल सहा वर्षांचे होईपर्यंत मेंदूचा आकार प्रौढ मेंदूच्या सुमारे ९० टक्के झालेला असतो. त्यामुळे मेंदूची वाढ बालपणातच आटोपते, असा समज बरीच वर्षे होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच त्या मुलांचे एमआरआय काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा काढले आणि १९९९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मेंदूच्या पुढच्या भागातील करड्या द्रव्याचे, म्हणजे चेतापेशींनी भरलेल्या थराचे, प्रमाण मुलींमध्ये साधारण अकराव्या आणि मुलांमध्ये साधारण बाराव्या वर्षापर्यंत वाढत जाते आणि त्यानंतर कमी होऊ लागते, असे त्यांना आढळले. हे कमी होणे म्हणजे नुकसान नव्हे. केळीच्या बागेत खोडाभोवती फुटणारी पिले आपण वेळोवेळी कापत राहतो, म्हणून झाडाचे बळ घडाकडे जाते. मेंदूतही चेतापेशींमधल्या ज्या जोडण्या वापरात नसतात त्या छाटल्या जातात, आणि ज्या वापरात असतात त्या पक्क्या होतात. राहिलेल्या तंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण चढत जाते, त्यामुळे संदेश कितीतरी पटींनी वेगाने धावतात. कोणती जोडणी राखायची हे बागेत शेतकरी ठरवतो. मेंदूत ते त्या वयातला रोजचा वापर ठरवतो, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने हीच बाब कळीची आहे.

हे काम साधारणपणे मागून पुढे होत जाते. पाहणे, ऐकणे, हालचाल करणे यांच्याशी निगडित भाग आधी पूर्णत्वाला येतात. कपाळामागचा भाग, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, सर्वांत शेवटी येतो. परिणामांचा विचार करणे, मनात आलेली ऊर्मी आवरणे, आत्ता हवीशी वाटणारी गोष्ट नंतरसाठी थांबवून धरणे ही कामे मुख्यतः त्याची आहेत. त्याची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. पंचविसावे वर्ष ही काही आखून दिलेली सीमा नाही. माणसामाणसांत फरक असतो, पण चौदाव्या वर्षी हा भाग पूर्ण झालेला नसतो, याबद्दल दुमत नाही.

याच काळात मेंदूच्या आत खोलवर असलेली, बक्षिसाला प्रतिसाद देणारी यंत्रणा मात्र ऐन भरात असते. तिचे काम डोपामीन या रसायनावर चालते. डोपामीनला सर्रास आनंदाचे रसायन म्हटले जाते, पण ते वर्णन अपुरे आहे. हे महत्त्वाचे आहे, हे लक्षात ठेव, हे पुन्हा कर, असा ठसा उमटवणे हे त्याचे मोठे काम आहे. तंबाखूतले निकोटिन, मद्य, गांजा, अफूपासून बनलेले पदार्थ यांचे मार्ग वेगवेगळे असले, तरी न्यूक्लियस अॅक्युम्बन्स या छोट्याशा भागात डोपामीन वाढवणे हा त्यांच्यातला समान धागा आहे. म्हणून व्यसन हे एका अर्थाने शिकणेच आहे, आणि शिकण्याची ताकद ज्या वयात सर्वांत जास्त, त्याच वयात व्यसनही सर्वांत लवकर शिकले जाते. जो मुलगा दोन दिवसांत ठिबकचे व्हॉल्व्ह जोडायला शिकतो, तो तितक्याच सहजतेने तंबाखूही शिकतो.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी लक्षात घेण्यासारखी आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात किशोरवयीन मुले, तरुण आणि प्रौढ यांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला होता. एकट्याने खेळताना तिन्ही गटांच्या धोका पत्करण्यात फारसा फरक नव्हता. मित्र शेजारी बसून पाहू लागताच किशोरांचा धोका पत्करणे खूप वाढले, प्रौढांचे जवळजवळ वाढलेच नाही. आपल्या मुलाने पहिली चिमूट एकट्याने घरी बसून घेतली नसणार. शाळेच्या भिंतीमागे, बसथांब्यावर किंवा क्रिकेटच्या मैदानाच्या कडेला कोणीतरी ती पुढे केली असणार. घरी आजोबांसमोर समंजस वागणारा मुलगा मित्रांत वेगळा का वागतो, याचे उत्तर काही अंशी येथे आहे. त्याला ढोंगी ठरवण्याची घाई करू नये.

आता आजोबांविषयी. त्यांना काही झाले नाही, असे ते म्हणतात. त्यांना आदरपूर्वक एवढेच विचारावे की आबा, आपण कधी सोडून पाहिली होती का, आणि सोडली तेव्हा काय झाले? अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तेथील सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख अधिकाऱ्याच्या, २०१२ च्या अहवालानुसार रोज धूम्रपान करणाऱ्या प्रौढांपैकी ८८ टक्के लोकांनी पहिली सिगारेट वयाच्या १८ वर्षांच्या आत ओढलेली होती. इतक्या वर्षांची सवय लागली, ती लहान वयात सुरुवात झाल्यामुळे सुटली नाही, हे आजोबांच्याच आयुष्यातून दिसते. शरीर धडधाकट असणे आणि मेंदू मोकळा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

औषधनिर्माणशास्त्र शिकवणारी, शिरपूर

डॉक्टरसाहेबांनी मेंदूची बाजू मांडली आहे. त्या चिमटीचे रसायन मी जोडते, कारण सरांना पडलेल्या तिसऱ्या तासाच्या कोड्याचा उलगडा त्यातून होतो.

निकोटिन हा सौम्य अल्कधर्मी पदार्थ आहे. आम्लयुक्त वातावरणात त्याच्या रेणूंवर विद्युतभार असतो आणि ते गालाच्या आतल्या पडद्यातून सहजी पार होत नाहीत. चुना मळल्यावर लाळ अल्कधर्मी होते, बरेचसे रेणू भाररहित होतात आणि गाल व ओठ यांमधून थेट रक्तात उतरतात. आपल्याकडे तळहातावर तंबाखू घेऊन अंगठ्याने चुना चोळतात, त्यामागचे कारण कोणालाही माहीत नसते, पण परिणाम नेमका हाच होतो. ओठाच्या आतला जो पांढुरका भाग सरांनी पाहिला, तोही चुना आणि तंबाखू रोज एकाच जागी राहिल्यामुळे तयार होतो. दंतवैद्याला तो अवश्य दाखवावा. मुलगा सुपारी घातलेला मावा किंवा गुटखा खात असेल, तर त्याच्या तोंडात त्याचीच तीन बोटे उभी जातात का, हेही पाहावे. जात नसतील तर अजिबात थांबू नये.

सिगारेटच्या धुरातले निकोटिन १० ते २० सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. ओठाखालची तंबाखू तुलनेने सावकाश चढते, साधारण अर्ध्या तासात रक्तातली पातळी कमाल होते आणि ती बराच वेळ टिकून राहते. निकोटिनचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला सुमारे दोन तास लागतात. प्रार्थनेच्या आधी घेतलेली चिमूट तिसऱ्या तासापर्यंत उतरणीला लागलेली असते. तेव्हाची त्याची चुळबुळ म्हणजे अभ्यासाचा कंटाळा नाही. निकोटिन कमी पडल्याची ती खूण आहे.

मेंदूत अॅसिटिलकोलीन नावाचे आपले स्वतःचे रसायन असते. लक्ष एकाग्र करणे आणि नवे शिकणे यांत त्याचा वाटा आहे. निकोटिन त्याच्याच ग्राहींवर, म्हणजे पेशींवरच्या ते रसायन टिपणाऱ्या जागांवर, जाऊन बसते. रोज बाहेरून निकोटिन मिळू लागले की मेंदूतील या ग्राहींची संख्या वाढते, आणि वाढलेले ग्राही निकोटिनवाचून रिकामे राहिले की बेचैनी, चिडचिड, लक्ष न लागणे सुरू होते. पुढची चिमूट घेतली की बरे वाटते. मुलाला वाटते की तंबाखूमुळे डोके चालते. प्रत्यक्षात तंबाखूने जे लक्ष काढून घेतले, तेच ती थोड्या वेळापुरते परत देत असते.

वयाचा फरकही प्रयोगांतून दिसतो. उंदरांवरील अभ्यासांत, वयात येत असलेल्या उंदरांना निकोटिन प्रौढ उंदरांपेक्षा अधिक सुखद वाटते आणि ते बंद केल्यावरचा त्रास मात्र कमी जाणवतो, असे पुन्हा पुन्हा आढळले आहे. प्रौढ माणसाला पहिल्या चिमटीने मळमळते, गरगरते आणि तो थुंकून टाकतो. किशोराला सुख अधिक आणि शिक्षा कमी, म्हणून तो पुन्हा घेतो. जोसेफ डिफ्रान्झा यांनी मॅसॅच्युसेट्समधील १२-१३ वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात तर असे दिसले की काही मुलांमध्ये ओढ लागण्याची पहिली लक्षणे रोज सिगारेट ओढू लागण्याच्या पुष्कळ आधी, अधूनमधून ओढणे सुरू झाल्यापासून काही आठवड्यांतच उमटली होती. "मी कधीतरीच खातो" या वाक्यावर घरच्यांनी निश्चिंत राहू नये, ते यासाठी.

सर्वांना एक विनंती आहे. हा विषय निघाला की आपण फक्त मुलांविषयी बोलतो. जागतिक युवक तंबाखू सर्वेक्षणाच्या भारतातील २०१९ च्या फेरीत १३ ते १५ वयोगटातील ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखूचे सेवन करणारे आढळले, त्यात मुलगे ९.६ टक्के आणि मुली ७.४ टक्के होत्या. हा फरक आपल्याला वाटतो त्याहून बराच लहान आहे. खान्देशातल्या कितीतरी घरांत आजी सकाळी तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करते आणि दात घासता घासता नातीच्या बोटावरही ठेवते. हिरडीतून शोषले जाणारे निकोटिन तेच असते. मुलींच्या दप्तरात पुडी सापडत नाही, म्हणून त्या आपल्या नजरेतून सुटतात.

केळीबागायतदार, रावेर

मी शेतकरी आहे आणि दहावीतल्या मुलाचा बाप आहे. हिवाळा लागला की आमच्याकडे मळ्यात भरीत पार्ट्या होतात, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. तुरीच्या काड्यांवर वांगी भाजली जातात, कळण्याची भाकरी असते, पन्नासेक माणसे जमतात. अलीकडे त्यात बाटल्याही येऊ लागल्या आहेत. मागच्या पार्टीत आमच्याच भाऊबंदांपैकी एकाने माझ्या मुलाच्या हातात बिअरचा ग्लास दिला आणि "घे रे, मोठा झालास आता, चोरून पिण्यापेक्षा आमच्यासमोर पी" असे म्हटले. मी ग्लास काढून घेतला, त्यावरून वाईटपणा आला. घरात समोर बसून थोडी दिल्याने मुलांना मर्यादा कळते, असे ते आजही म्हणतात. यात कितपत तथ्य आहे?

सातपुड्यातली परिचारिका, धडगाव

दादांच्या प्रश्नाला डॉक्टर उत्तर देतीलच. त्याआधी मला एक गोष्ट मांडायची आहे, कारण दारूचा विषय निघाला की लोक थेट आमच्या डोंगराकडे बोट दाखवतात.

आमच्या पाड्यांवर मोहाची दारू देवकार्यात, लग्नात, मयतीत लागते. पिण्याआधी पूर्वजांच्या नावाने तिची धार जमिनीवर सोडली जाते. मोह हे आमच्यासाठी केवळ दारूचे झाड नाही. त्याची फुले वाळवून खाल्ली जातात, बियांचे तेल निघते आणि टंचाईच्या महिन्यांत त्यावर घरे तगली आहेत. आदिवासी मुले व्यसनी असतात, असे वाक्य मी शिक्षकांच्या बैठकीतही ऐकले आहे आणि ते मुलांच्या कानांवर पडते तेव्हा काय होते, तेही पाहिले आहे. मुलगा सुधारत नाही, तो शाळा सोडतो.

हे सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. विधीची दारू आणि बाजारच्या दिवशी मिळणारी दारू यांत आता मोठे अंतर पडले आहे. कामासाठी गुजरातेत स्थलांतर करणाऱ्या घरांतली मुले थकवा घालवण्यासाठी मोठ्यांबरोबर पितात, आणि ती पंधरा-सोळा वर्षांची असतात. देवाच्या नावाने सोडलेल्या धारेचा आधार घेऊन त्याचे समर्थन करता येणार नाही. किशोरवयीन मेंदूवर दारूचा परिणाम कसा वेगळा होतो, हे मला पाड्यावरच्या बैठकीत साध्या शब्दांत सांगायचे आहे. डॉक्टरांनी तेही लिहावे.

मनोविकारतज्ज्ञ, धुळे

ताईंनी लिहिलेले महत्त्वाचे आहे. कोणत्याही समाजाच्या माथी व्यसन मारले की उपचाराची वाट बंद होते, हे आम्ही दवाखान्यात रोज पाहतो.

दारूच्या बाबतीत किशोरवयाचा फरक थोडा फसवा आहे. लिंडा स्पिअर आणि इतरांनी उंदरांवर केलेल्या कामातून असे दिसते की मद्याने येणारी गुंगी, झोप, तोल जाणे हे परिणाम किशोरवयात प्रौढांपेक्षा कमी जाणवतात. हेच परिणाम प्रौढ माणसाला "आता पुरे" असे सांगत असतात. दुसरीकडे, स्मरणशक्तीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागावर मद्याचा परिणाम किशोरवयात अधिक होतो. म्हणजे ज्याने थांबावेसे वाटावे ते कमी जाणवते आणि ज्याने हानी व्हावी ते अधिक होते. दारू पिऊनही सरळ चालणारा सोळा वर्षांचा मुलगा "मला चढत नाही" असे अभिमानाने सांगतो, तेव्हा भोवतालचे कौतुक करतात. ते लक्षण बळाचे नाही, धोक्याचे आहे.

दादा, आपण ग्लास काढून घेतला ते योग्यच केले. मोठ्यांसमोर दिल्याने मुलाला मर्यादा कळते, या समजाला अभ्यासांचा आधार मिळत नाही. घरातून मद्य मिळणाऱ्या मुलांचे पुढचे पिणे कमी होण्याऐवजी वाढलेलेच दिसते. ब्रिजेट ग्रँट आणि डेबोरा डॉसन यांनी १९९७ मध्ये अमेरिकेतील मोठ्या राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या आधारे दाखवले की १४ व्या वर्षी किंवा त्याआधी पिणे सुरू करणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक लोक आयुष्यात कधीतरी मद्यावर अवलंबून झाले. विसाव्या वर्षी किंवा त्यानंतर सुरू करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. आपल्या राज्यात बिअरसाठी २१ आणि दारूसाठी २५ वर्षांची अट आहे. ती अनेकांना अवास्तव वाटते, पण मेंदूच्या घडणीचा काळ पाहता ती तितकी अवास्तव नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण सरांनी प्रश्नच तसा विचारला आहे. लवकर सुरू करणाऱ्यांत व्यसन अधिक दिसते, याचा अर्थ सगळा दोष लवकर सुरू करण्याचाच असतो, असे नाही. ज्या मुलांच्या घरी व्यसन आहे, मारहाण आहे, ज्यांचा स्वभाव मुळात उतावळा आहे, ती मुले लवकरही सुरू करतात आणि अडकतातही. अमेरिकेत नऊ-दहा वर्षांच्या जवळपास १२ हजार मुलांची नोंदणी करून एबीसीडी हा मोठा अभ्यास चालू आहे. त्यात असे दिसू लागले आहे की व्यसन करणाऱ्या मुलांच्या मेंदूच्या रचनेत जे फरक सापडतात, त्यांतील बरेच फरक पहिल्या घोटाच्या आधीपासूनच तेथे असतात. गांजाचेही तसेच आहे. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ जणांच्या अभ्यासातून २०१२ मध्ये असे मांडले गेले की किशोरवयात सुरू करून सातत्याने गांजा ओढणाऱ्यांचा बुद्ध्यंक प्रौढपणी कमी झाला. पुढे जुळ्या भावंडांवर झालेल्या अभ्यासात, ओढणारे आणि न ओढणारे भावंड यांच्यात तसा फरक दिसला नाही. म्हणून बुद्ध्यंकाविषयी मी मुलांना छातीठोकपणे काही सांगत नाही. मात्र किशोरवयात गांजाचे नियमित आणि भारी सेवन करणाऱ्यांत पुढे भ्रम, संशय, आवाज ऐकू येणे अशा मनोविकारांचा धोका वाढलेला असतो, हे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत आढळले आहे आणि ते मी स्पष्टपणे सांगतो.

हे सगळे वाचून "मग मुळात स्वभावच कारण असेल तर वय कशाला पाहायचे" असे कोणी म्हणू नये. ज्या मुलाचा पाया आधीच कच्चा आहे, त्याच्यासाठी तर प्रत्येक पुढे ढकललेले वर्ष अधिक मोलाचे असते.

जाता जाता एक इशारा देतो. पंक्चरचे सोल्युशन, व्हाइटनर, थिनर रुमालावर घेऊन हुंगणे हा प्रकार आपल्याकडे रेल्वे स्थानके आणि बसस्थानके यांच्या आसपास दिसतो. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात, ज्याचे प्रमाण प्रौढांपेक्षा लहानांमध्ये जास्त आहे, असा हा एकमेव पदार्थ ठरला: १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, प्रौढांत ०.५८ टक्के. त्यातील टोल्यूइन मायलिनच्या आवरणालाच इजा करते, आणि एखाद्या वेळी हृदयाची लय बिघडून हुंगता हुंगताच मृत्यू येऊ शकतो. असे मूल दिसले तर त्याला घाबरवून पळायला लावू नये, कारण त्या अवस्थेत पळणेही जिवावर बेतू शकते.

शालेय समुपदेशक, अमळनेर

शाळेने काय करावे, याबद्दल थोडे लिहिते. अशा मुलांना शाळेतून काढून टाकण्याचा किंवा प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर उभे करण्याचा विचार कोणाच्या मनात आला, तर सर, तो थांबवा. डॉक्टरांनी मित्रांबद्दल जे लिहिले त्याचा अर्थ असा की सर्वांसमोर अपमान झालेला मुलगा ज्या गटात मान मिळतो तेथेच अधिक घट्ट चिकटतो, आणि तो गट बहुधा टपरीवरचा असतो.

कायदा मुलावर नव्हे, विकणाऱ्यावर चालवायचा आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास आणि शैक्षणिक संस्थेच्या १०० यार्डांच्या आत विक्रीस मनाई आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दादांच्या भाऊबंदांनाही हे एकदा शांतपणे सांगायला हरकत नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरीही तो मिळतो, हे आपण सारे जाणतो. मुख्याध्यापकांनी लेखी तक्रार दिली आणि पालकांच्या सह्या जोडल्या, तर निदान शाळेजवळची विक्री हटते.

मुलाशी बोलताना मी वीस वर्षांनंतरच्या कर्करोगाचे चित्र पुढे ठेवत नाही. चौदाव्या वर्षी वीस वर्षांनंतरचे काही खरे वाटत नाही, आणि का वाटत नाही ते वर आलेच आहे. मी त्याला विचारते की सकाळी उठल्यावर पहिली आठवण कधी येते, तासाला बसवत नाही तेव्हा डोक्यात काय चालू असते, महिन्याला पैसे किती जातात आणि कोठून येतात. तो स्वतःच्या तोंडून जे सांगतो, त्यावर त्याचा विश्वास बसतो. मग निकोटिनचे दोन तासांचे गणित त्याला फळ्यावर मांडून दाखवते. "माझ्यात दम नाही" असे वाटत राहण्यापेक्षा "माझ्या डोक्यात हे घडते आहे" हे कळणे मुलांना फार आधार देते.

सोडल्यानंतरची चिडचिड, डोकेदुखी, झोप बिघडणे पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरते. त्या काळात चाचणी परीक्षा येणार नाही, असे पाहावे, आणि वर्गातून दोन मिनिटे बाहेर जाऊन पाणी पिऊन येण्याची मुभा द्यावी. वाढलेले ग्राही परत पूर्ववत होतात का, असे मुले विचारतात. प्रौढ धूम्रपान करणाऱ्यांत ते सहा ते बारा आठवड्यांत न ओढणाऱ्यांच्या पातळीला येतात, असे आढळले आहे. किशोरवयीन मेंदू घडणीत असल्यामुळे जसा लवकर अडकतो, तसाच नवे वळणही घेऊ शकतो, हे मी त्यांना आवर्जून सांगते.

तापीकाठचा शिक्षक, यावल तालुका

सर्वांचे मनापासून आभार. मी काल सायंकाळी आजोबांच्या मळ्यात जाऊन आलो. सोडून पाहिली होती का, असे विचारल्यावर ते म्हणाले की थोरल्या मुलीच्या लग्नाआधी सोडली होती, पण तिसऱ्याच दिवशी सालदारावर हात उगारला गेला, तेव्हा पुन्हा तोंडात टाकली. मी त्यावर काही बोललो नाही. नातवाची ओढ त्याच्या वयामुळे अधिक घट्ट बसते आहे, हे मात्र त्यांना समजावून सांगितले आणि त्यांनी ते लक्ष देऊन ऐकले. नातू सोडणार असेल तर आपणही सोडून पाहू, असे ते स्वतःहून म्हणाले.

आता दोन प्रश्न उरतात. घरात आजोबांची डबी ओट्यावरच्या कोनाड्यात असते, ती तशीच असताना मुलाला सोडता येईल का? आणि औषधांच्या दुकानात मिळणारे निकोटिनचे च्युइंगगम दोघांना द्यावे का?

मनोविकारतज्ज्ञ, धुळे

डबी आधी हलवा. तंबाखू सोडलेल्या माणसाच्या मेंदूत केवळ डबी दिसल्याने, चुन्याचा वास आल्याने किंवा जेवण झाल्यावर हात धुताना ओढ जागी होते, कारण या सगळ्या खुणा डोपामीनच्या ठशाबरोबरच शिकल्या गेलेल्या असतात. कोनाडा रिकामा करून तेथे बडीशेप किंवा भाजलेले जवस ठेवावेत, म्हणजे जेवणानंतर हात तेथे गेला तरी काही मिळेल. सुपारी ठेवू नये. दोघांनी एकच दिवस ठरवावा आणि तो पोळ्याच्या किंवा घरच्या लग्नाच्या आसपास नसावा, कारण पाहुण्यारावळ्यांत डबी फिरतेच.

च्युइंगगम आजोबांना चालू शकते, पण सत्तरीच्या माणसाचा रक्तदाब आणि हृदय तपासल्यावरच, आणि ते कसे चावायचे हे शिकून घेतल्यावरच. भराभर चावून गिळले तर उचकी आणि जळजळ होते, फायदा होत नाही. मुलाला मात्र दुकानातून आणून परस्पर देऊ नये. अठरा वर्षांखालील मुलासाठी बोलणे आणि पाठपुरावा हाच मुख्य उपचार असतो, औषधाची गरज आहे का हे तपासणाऱ्या डॉक्टरने ठरवावे. जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्तीसाठी समुपदेशन मिळते, तेथे दोघांनी एकत्रच जावे. तोपर्यंत १८००-११-२३५६ या तंबाखू सोडण्यासाठीच्या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर आजोबांना स्वतः फोन करायला सांगा आणि नातवाला शेजारी बसवा. मुलाची चिडचिड किंवा उदासी महिन्यानंतरही ओसरली नाही, तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या, क्रमांकावर बोला किंवा त्याला माझ्यासारख्या कोणाकडे घेऊन या, कारण काही मुले आधीपासूनच्या उदासीवर तंबाखूचा उतारा शोधत असतात आणि तंबाखू सुटल्यावरच ती उदासी उघडी पडते. ओठाचा तो पांढुरका भाग दंतवैद्याला दाखवायचे राहू देऊ नका. तंबाखू थांबल्यावर असे चट्टे पुष्कळदा काही आठवड्यांत मावळतात, आणि मावळला नाही तर तपासणी पुढे न्यावी लागते.